एक हूक कमी

एकाहत्तरच्या लढाईत मी पश्चिम सीमेकडच्या एका एअर फोर्स स्टेशनवर पॅराशूट सेक्शनमध्ये होते. वर्दी नव्हती, सिव्हिलियन. शिक्षण चौथी. लग्नाआधी वागळे इस्टेटमध्ये शिलाई मशीनवर बसायचे. नवरा एअर फोर्समध्ये कॉर्पोरल होता. तो गाडीच्या अपघातात गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं.

आता मानपाड्याला शेजारच्या मुली विचारतात, आजी, विमानात बसलात का. नाही. एकदाही नाही. विमानातल्यांना खाली आणायचं काम माझं होतं.

आमच्या बॉम्बरमध्ये दोघं असत. पायलट वर, काचेखाली, इजेक्शन सीटवर. हँडल ओढलं की सीटसकट बाहेर. नेव्हिगेटर खाली, विमानाच्या नाकात. त्याला तसली सीट नाही. त्याने पट्टे सोडायचे, बाजूला अडकवलेलं पॅराशूट छातीला लावायचं आणि दारातून उडी टाकायची. तोवर पायलटने विमान सरळ धरून ठेवायचं. हे दोघांनाही माहीत असे.

पाळीतली पॅराशूटं बांधून झाली की हत्यारं मोजायची, हा नियम. त्या दिवशी 15:30 ला मोजली. हूक पाच घेतले होते, चारच भरले. दोऱ्या ओढायचा लोखंडी हूक तो. घडीत राहिला तर कापड फाडतो.

सकाळपासून मी तीन बांधली होती. दोन टेबलावर होती. तिसरं नेव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर प्रधानांचं, ते विमानात गेलं होतं. टेकऑफ 17:40.

सेक्शनचे सार्जंट यादव म्हणाले, "इधर-उधर गिरा होगा. साइन करो."

"पहले पॅराशूट वापस मंगाओ," मी म्हटलं.

विमानाला उशीर झाला तर जबाब त्यांना द्यावा लागणार होता, आणि माझी नोकरी अजून कच्ची होती. शिव्या देत का होईना, त्यांनी फोन फिरवला.

तोवर मी टेबलावरची दोन्ही उघडली. काही नाही. मग प्रधान स्वतःच पॅराशूट घेऊन आले. ते ठाण्याचे, नौपाड्यातले; मी डोंबिवलीची. म्हणाले, "म्हात्रेताई, डोंबिवलीचं काही हरवलं की आळ ठाण्यावरच."

हूक त्यांच्याच पॅराशूटमध्ये निघाला, चौथ्या घडीत. चूक माझी. मध्ये चहा आला, मी उठले, हूक तिथेच राहिला.

तिन्ही उघडी पडलेली. यादव म्हणाले, आता दुसरा माणूस बांधेल. प्रधानांनी अडवलं.

"यांनाच बांधू द्या. आज या दोनदा मोजतील."

मी पस्तीस मिनिटांत बांधलं. हूक दोनदा मोजले. पाच. कार्डावर सही केली. विमान बारा मिनिटं उशिरा उडालं.

सकाळी सातला कळलं. बॉम्ब टाकून परतताना खालून तोफेचा गोळा लागला. इंजिन पेटलं. विमान आपल्या हद्दीत आलं आणि पडलं. प्रधान वाचले. पायलट, फ्लाइट लेफ्टनंट बक्षी, गेले.

आमच्याकडे रीत होती, पॅराशूटने वाचलेला माणूस ते बांधणाऱ्याला मिठाई देतो. तीन आठवड्यांनी प्रधान आले. पायाला प्लास्टर, हातात पेढे. म्हणाले, "सर 'जंप' म्हणाले. मी निघालो." मी एक पेढा खाल्ला, एक यादवांना दिला.

बक्षींच्या सीटमधलं पॅराशूटही आधी मीच बांधलेलं. ते उघडलं असतं, यात मला शंका नाही. त्यांना वरून नेव्हिगेटरचं दार दिसत नव्हतं. प्रधानांनी निघताना हेडफोनची वायर काढली होती, ती काढावीच लागते; मग पायलटचं बोलणं ऐकू येत नाही. टॉवरशी रेडिओ चालूच होता, तिथे बक्षींचा आवाज दोनदा आला.

"प्रधान, आर यू आउट?"

"प्रधान, आर यू आउट?"

प्रधान तेव्हा माझ्या पॅराशूटखाली होते. बक्षी उत्तराची वाट बघत विमान सरळ धरून बसले.