मालनताईंनी न हसता सांगितलेली गोष्ट

टिटवाळ्यात आमच्या इमारतीमागच्या मैदानावर मुलींची कबड्डी चालते ती मालनताईंमुळे. दिवसभर ब्लाउज शिवायचे आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून मैदान गाठायचं. माझी सान्वी त्यांच्याकडे खेळते, म्हणून देवापुढे दिवा लावला की मीही कडेच्या बाकावर जाऊन बसते.

ताईंच्या उजव्या डोळ्यात पांढुरकी झाक आहे. कुणी विचारलं की त्या हसत सांगायच्या, "अगं, आमच्या वेळी नव्या पोरीला सोडायचे नाहीत! पहिल्याच दिवशी मला पाडलं, चौघी अंगावर बसल्या नि तोंडाला माती फासली. रेघा मारायची चुन्याची फक्की होती मातीत, ती गेली डोळ्यात. पण तिथून जी चढाई करायला लागले ना, बापरे!" मग हात पसरून उडी मारून दाखवायच्या. पोरी पोट धरून हसायच्या. मीसुद्धा.

दिवाळीनंतर शहाडची मेघना आली. बारावीतली, उंच, शांत. पहिल्याच दिवशी ताई मला म्हणाल्या, "हिचे पाय बघा. ही राहिली तर यंदा जिल्ह्याला जातोच आपण."

एका शनिवारी ताईंना उशीर झाला आणि मीही देवळात होते. मैदानावर आले तर मेघना नळाखाली तोंड धूत होती. केसांत, कानांत, दातांत माती. बाकीच्या पोरी बाजूला उभ्या. माझ्या सान्वीचे हात पाठीमागे.

"मी नाही येणार आता," एवढंच बोलून मेघना निघून गेली.

तेवढ्यात ताई आल्या. "कुणी केलं?"

"सगळ्यांनीच," कॅप्टन प्रियांका म्हणाली. "मस्करी होती ताई. फक्की नव्हती हां त्यात, बघून घेतलेलं आम्ही."

"शिकवलं कुणी तुम्हाला हे?"

प्रियांका गोंधळली. "तुम्हीच तर सांगता ना! माती खाल्ली म्हणून तुम्ही एवढ्या भारी झालात. आम्हाला वाटलं, हिलापण आपल्यातली करू."

ताई माझ्याशेजारी बाकावर बसल्या. त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी हात मांडीवरच होते. डोळ्याची आग होत होती, पण वडील खेळ बंद करतील म्हणून घरी 'पडले' असं सांगितलं. डॉक्टरकडे जायला उशीर झाला. मग उजवीकडून येणारी पोरगी दिसेनाशी झाली. निवड चाचणीत त्याच बाजूने पकड बसली.

"चढाई बिढाई काही सुधारली नाही गं. ती माझी शेवटची चाचणी."

"मग हसून का सांगायचात?" सान्वीने विचारलं.

"त्या चौघी माझ्या मैत्रिणीच होत्या. पुढेही त्यांच्यातच बसायचं होतं मला. म्हणून हसले. मग सवयच लागली."



दुसऱ्या दिवशी ताई प्रियांकाला आणि मला घेऊन शहाडला गेल्या. मेघनाच्या आईने आम्हाला दारातच थांबवलं. "आता कशाला आलात? झाला तेवढा खेळ पुरे."

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाल्या. "पोरींनी केलं, पण बी माझं होतं." आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच त्यांनी सगळं सांगितलं. प्रियांकाने मान खाली घालून माफी मागितली. आत पडद्यामागे मेघनाचे पाय दिसत होते. ती बाहेर आली नाही. आम्ही परत आलो. मी गणपतीला एवढंच म्हटलं, पोरीचं मन खेळावरून उडू देऊ नकोस.

सोमवारी सराव सुरू झाल्यावर मेघना आली आणि रेघेबाहेरच उभी राहिली.

"ये ना आत," प्रियांका म्हणाली.

"फक्की कोण मारतं इथे?"

"जिची पाळी असेल ती."

"आजपासून मी मारणार. फक्कीचा डबा माझ्याकडे राहील. आणि पुन्हा कुणी नवीन आली, तर तिला हात लावायचा नाही."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी डबा उचलून मेघनाच्या हातात दिला.

मेघनाने वाकून पुसट झालेली रेघ नीट ओढून घेतली, नळावर जाऊन हात धुतले, आणि मग आत आली.