धावड्याची मूठ

माझा पहिला नवरा पौषात हिवतापानं गेला आणि फाल्गुनात मी सासूबरोबर मोह वेचायला जंगलात गेले. मधल्या दिवसांचं काही विचारू नका. जेवत होते, झोपत होते, दळण दळत होते. गावातल्या बायका यायच्या, माझ्या गळ्यात पडून रडायच्या आणि मीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. बाहेर गेल्यावर म्हणायच्या, "दगड हाय बाई, दगड." असेन. मला त्याचाही राग आला नाही, आणि राग तर माझ्या नाकावर असायचा. माहेरी मला सगळे फटाकडीच म्हणत.

आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. गडचिरोलीपासून आमचं गाव दिवसभराच्या पायवाटेवर. मोह गळायला लागला की निम्मं गाव जंगलात राहायला जायचं. फुलं पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर हरणं आणि गुरं खाऊन टाकतात, म्हणून झाडाखालीच बिऱ्हाड थाटायचं. कोणतं झाड कोणाचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमची झाडं नाल्याच्या वरच्या अंगाला होती आणि शेजारचं बिऱ्हाड हाकेच्या अंतरावर. दरवर्षी तिघं जायचो. त्या वर्षी दोघी गेलो.

सासूला मूल एकच. सासरा मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेला. म्हणजे आता तिचं म्हणून जगात जे माणूस उरलं होतं ते मी. आणि माझ्या माहेरून निरोप आला होता की मोह संपायच्या आत भाऊ घ्यायला येतो, एक घर पाहून ठेवलं आहे. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी विशीतली, पदरी लेकरू नाही. गेले तर म्हातारी एकटी, राहिले तर माझं आयुष्य असंच. सासूनं निरोप ऐकला आणि मला विचारलं, "काय म्हनते मंग तू?" मी म्हटलं, "पाहू." खरं सांगते, मला जावंसंही वाटत नव्हतं आणि राहावंसंही.

जंगलात गेल्यावर पहिलं काम मांडव घालायचं. ते काम दरवर्षी तो करायचा, त्याच्या सुरीनं. ती सुरी त्यानं सूरजागडच्या डोंगराकडल्या एका लोहाराकडून घडवून आणली होती. तिथले लोक लाल दगड भट्टीत घालून त्यातून लोखंड काढत. वीतभर पातं, जाड पाठ, आणि पात्याची शेपटी लाखेनं मुठीत पक्की बसवलेली. मिटायची भानगड नाही. मूठ त्यानं स्वतः तासली होती, आपल्या हाताला बसेल अशी. वर्षानुवर्षं वापरून ती काळी तुळतुळीत झाली होती आणि अंगठा टेकायच्या जागी खळगा पडला होता. तो गेल्यापासून सासूनं सुरी धान्याच्या कनगीमागं ठेवली होती. कोणी हात लावायचा नाही. मांडवाच्या वेळी मात्र तिचा नाइलाज झाला. तिचा उजवा खांदा धरलेला, बांबू फोडायला जोर लागतो. तिनं सुरी माझ्या हातात दिली आणि बजावलं, "मुठीले पानी लागू देऊ नको. त्याचा घाम हाय तिच्यात."

मग सगळं शिकवणं सुरू झालं. शिकवणं कसलं, खेकसणं. "अवं, पातं आडवं काऊन धरतं? उभं धर. बांबूच्या तोंडावर ठेव अन् पाठीवर दांडक्यानं हान!" मी हाणायची. बांबू कडाकडा फाटत जायचा, ते बघायला इतर वेळी मला मजा वाटली असती. पळसाची मुळं खणून दोरीसाठी त्यांचा वाक काढला, त्यानं मेढी बांधल्या, वर पानांच्या डहाळ्या टाकल्या. झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जमीन काळी साफ केली, म्हणजे पिवळं फूल उठून दिसतं. चूल पेटवायला वाळक्या बांबूच्या कुरळ्या साली काढायच्या, त्या सुरीनंच. नाल्यात मासा मिळाला तर तोही सुरीनंच साफ करायचा. सुरी सगळं करत होती, मी नुसती तिच्यामागं चालत होते. एकच गोष्ट जमेना. ती मूठ माझ्या हाताला मोठी पडायची. बोटं पुरी वळायची नाहीत, मूठ हातात फिरायची आणि तळहाताला फोड यायचे. फुटले की त्यांना चुलीची राख लावायची आणि पुन्हा सुरी धरायची. दुखत होतं, पण ते जरा लांबून कुठून तरी दुखल्यासारखं.

एक दिवस पहाटे मी टोपली घेऊन पलीकडच्या झाडाखाली गेले. फटफटलं होतं. झाडाखाली अस्वल बसलं होतं. मोहाच्या दिवसांत अस्वलं यायचीच, त्यात नवल नाही. दिसलं की डबा बडवायचा आणि मागं सरायचं, हे आमच्याकडं चालता येऊ लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मी उभी राहिले. ते तोंडानं फूऽफू करत फुलं खात होतं. त्यानं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं. कमरेला सुरी होती, तिच्याकडं हात गेला नाही. पाय मागं गेले नाहीत. काळजाचा ठोकाही चुकला नाही. बरंय, आहे अस्वल, एवढंच.

मागून सासू डबा बडवत, बोंबलत आली. "मागं हो! मागं हो वं! हट, मुडद्या!" तिचा तो धरलेला खांदा, तरी हात डोक्याच्या वर गेलेला. अस्वलानं जरा विचार केला आणि पाठ फिरवून झाडीत शिरलं.

"तुले दिसला नाई काय थो?" ती धापा टाकत म्हणाली.

"दिसला."

"मंग?"

"मंग काय?"

"जीव द्याचा होता काय तुले?"

मी खरंच आठवून पाहिलं. मग म्हटलं, "नाई आत्याबाई. मले काईच वाटून नाई राह्यलं. भेव बी नाई."

तिच्या हातातून डबा खाली पडला. तो न उचलताच ती फुलं वेचायला बसली. मीही बसले.

त्या दुपारी तिनं माझा हात मागितला. मला वाटलं, फोड बघते. तिनं फोड पाहिलेही, पण मग वाकाचा एक तुकडा घेऊन माझ्या वळलेल्या बोटांभोवती गुंडाळला आणि गाठ मारून कमरेला खोचला. मी विचारलं नाही. तेव्हा मी काहीच विचारत नसे. पुढचे दोन-तीन दिवस मी फुलं वाळत घालायची आणि ती मांडवामागं बसून विळ्यानं काहीतरी तासत बसायची. धावड्याच्या लाकडाचा जुना कुऱ्हाडीचा दांडा होता, मोडका, वाळून खडक झालेला. मी म्हटलं, मेढीला खुंटी करत असेल.

बाजाराच्या दिवशी माझा भाऊ आला. वाटभर घामेजलेला, डोक्याला फडकं, हातात माझ्यासाठी आणलेले मुरमुरे. सासूनं त्याला पाणी दिलं, ताक दिलं, त्याच्या पोराबाळांची चौकशी केली. मग तो अवघडून म्हणाला, "बाई, मी इले न्याले आलो."

"माहीत हाय मले," सासू म्हणाली. "सकाळी निंघा. आता ऊन हाय." आणि माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. मी जायचं की राहायचं हे अजून कोणी मला नीट विचारलं नव्हतं, आणि माझं उत्तर पुन्हा "पाहू" असंच आलं असतं.

सकाळी मी पाण्याला गेले. नाल्याच्या वाळूत झिरा खणलेला होता, त्यात पाणी साचेपर्यंत बसावं लागे. भरून परत आले तर लांबूनच लाख जळल्याचा वास आला. चुलीपाशी सासू बसली होती. सुरीचं पातं ओल्या चिंधीत गच्च गुंडाळलेलं, म्हणजे धारेला दिलेलं पाणी उतरू नये, आणि शेपटी तेवढी उघडी, तापून लाल. तिनं ती नव्या मुठीच्या भोकात घातली. चर्र झालं, धूर निघाला. वरून लाख ओतून ती दांडक्यानं ठोकू लागली. आणि चुलीत, निखाऱ्यांवर, जुनी मूठ जळत होती. अंगठ्याचा खळगा वरच्या अंगाला होता. तो अजून दिसत होता.

माझ्या हातातून पाण्याचं भांडं गेलं.

"त्याच्या हातची होती थे!" मी ओरडले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "कोनाले इचारून जाळली? तुमचा एकटीचाच होता काय थो? माहा कोनीच नोता?" मी चुलीत हात घालायला गेले, भावानं मागून धरलं, तर त्याला मी ढकललं. त्या म्हातारीला मी नाही नाही ते बोलले. डाकीण म्हटलं. गावातल्या बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या तेव्हा जे आलं नाही ते सगळं एकदम वर आलं आणि पोटात कळ उठावी तसं मला वाकवून गेलं.

ती ठोकत राहिली. काम पुरं करूनच तिनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते.

"आता बोलली," ती म्हणाली. "धर."

मी धरली. कशाला धरली कोण जाणे. मूठ अजून गरम होती. माझी बोटं तिच्याभोवती पुरती वळली आणि ती हातात जराही हलली नाही. इतकी बरोबर बसली म्हणून मला आणखीच राग आला.

"तू जाय," सासू म्हणाली.

"नाई जात!" मी म्हटलं. पहिल्यांदाच मला काहीतरी हवं होतं. "तुमच्यापाशी कोन हाय? खांदा हालत नाई, अस्वलं येते. मी नाई जात."

"आयक," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, खेकसलीही नाही. "संध्याकाळी तू चूल पेटवतं, अन् माही मान वाटेकडं वळते. रोज वळते. तू हायेस तवर थो येनारच, असं वाटते मले. घरची बायको घरी हाय, मंग थो कुठी जाईन? तू गेली म्हंजे समजंन मले, थो गेला म्हून. मले आता रडू दे, पोरी. तू इथी असली का मले रडताच येत नाई."

भाऊ तोंड फिरवून उभा राहिला. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं मला उठवलं, लुगड्याचा पदर सारखा केला आणि सुरी माझ्या गाठोड्यात घातली. तेलाचं बोट मुठीवरून फिरवायला सांगितलं, दर महिन्याला. मग ती टोपली घेऊन झाडाकडं गेली.

आम्ही निघालो. वळणापर्यंत मी दात आवळून चालले आणि मग रस्त्यातच रडायला लागले, मोठ्यानं, लाजलज्जा सोडून. भाऊ पुढं चालत होता, त्यानं गप म्हटलं नाही. मध्येच श्वास घ्यायला थांबले तेव्हा मागून झाडीतून आवाज आला. मी थांबले, भाऊही थांबला. म्हातारी लेकाचं नाव घेऊन रडत होती. नाल्याच्या पलीकडं गेलो तरी ऐकू येत होतं.