शिवणीच्या आतलं दीड इंच

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी तासगावच्या एका शिंप्याचं नाव घेतो. वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही, तेही तसंच सांगतात. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते, म्हणून मीही चाचाच म्हणतो.

बारावीनंतर मी वडिलांबरोबर बेदाण्याच्या शेडवर कामाला जायचं ठरलं होतं. आमच्या घरात बारावीच्या पुढं कुणी शिकलं नव्हतं, त्यामुळे त्यात कुणाला वावगंही वाटलं नाही. निकाल लागेपर्यंत रिकामा कशाला बसू, म्हणून चाचांकडे काज-बटण करायला गेलो. कपडे शिवायचं शिकवणारं मोठं कॉलेज असतं, हे चाचांना एका गिऱ्हाइकाकडून कळलं. वडील नको म्हणाले. मग चाचा घरी आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "आवं, द्राक्षाचा घड हातात घेतला की तुमी सांगता ना, ह्याचा बेदाणा कसा हुईल? तसा मी हात बघून सांगतो. ह्याला शेडवर घालू नका."

ऐन लग्नसराईत दुकान बंद ठेवून ते माझ्याबरोबर साताऱ्याला प्रवेश परीक्षेला आले. मी आत चित्रं काढत होतो आणि ते बाहेर कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसले होते. मी बाहेर आलो तर पेपर कसा गेला हे विचारलंच नाही. "सकाळधरनं बघतोय," म्हणाले, "हितल्या साहेब लोकांच्या पँटी लय वाईट शिवल्यात गड्या."

चाचांची एक पद्धत होती. कुठलाही कपडा हातात आला की ते आधी उलटा करायचे. वरून सगळे शिंपी सारखेच, माणूस आत कळतो, असं त्यांचं म्हणणं. आत ते एकच गोष्ट बघायचे, शिवणीच्या पलीकडं कापड किती सोडलंय. दीड इंच पाहिजे. शाळेच्या गणवेशाला, फौजेतून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या सफारीला, नवरीच्या ब्लाउजला, सगळ्याला दीड इंच. पोरं वाढतात, माणसं सुटतात, बाया बाळंत होतात. एक टीप उसवून बाहेरच्या बाजूला दुसरी मारली की कपडा पुन्हा अंगाला येतो. कागदावर माप नेमकं काढायचं, आणि कापडावर खडूनं त्याच्या बाहेर दीड इंच जाऊन कापायचं. पुढं कॉलेजात चार वर्षं मी सेंटिमीटरमध्ये शिकलो, पण ते परीक्षेपुरतं. हात चाचांचाच राहिला.

कॉलेज संपल्यावर लंडनच्या एका छोट्या फॅशन लेबलमध्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. नमुन्याचे कपडे जिथं शिवतात ती खोली तळघरात होती. सात मशिनी, एक लांब टेबल आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या एक बाई. त्या तरुणपणी सायप्रसहून आलेल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हणालो तर म्हणाल्या, "मॅडम वर बसतात. खाली बसते ती मी."

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला पहिल्यांदा खरं कापड दिलं. रेशीम मिसळलेली लोकर, गव्हाच्या रंगाची, इटलीतल्या एका गिरणीतून आलेली. एका कोटापुरतीच होती आणि तो कोट फॅशन शोमध्ये जायचा होता. मी कागदी पॅटर्न मांडले. तिथल्या पॅटर्नमध्ये आत सोडायचं कापड आधीच धरलेलं असतं, कागदाच्या कडेलाच कापायचं असतं. प्रत्येक तुकड्यावर ते लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. तरी खडू घेतला आणि प्रत्येक तुकड्याच्या बाहेर दीड इंचावर रेघ मारली. विचार करून मारली नाही. पाठ कापली, पुढचे दोन भाग कापले, एक बाही कापली. दुसऱ्या बाहीला कापड उरलं नाही.

बाईंनी टेबलावरची उरलेली पट्टी उचलून बघितली. "दुसरी बाही कुठाय?"

"कापड संपलं."

त्यांनी पाठीचा तुकडा हातात घेतला, कडा चिमटीत धरून मोजली. "हे एवढं कशाला सोडलंस? कोटाला दिवस गेलेत का?"

मशिनीवरचं कुणीतरी हसलं.

"नंतर सैल करावा लागला तर," मी म्हणालो.

"नंतर?" बाई म्हणाल्या. "अरे, हा कोट एकदा चालणार, वळणार आणि परत येणार. ह्याला नंतर नाही."

डिझायनर खाली आले, टेबलाकडे बघितलं, "बरं" म्हणाले आणि वर गेले. तो कोट शोमधून काढून टाकला. मला रडू येईल असं वाटलं होतं. काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मला बटणं निवडायला आणि जुने नमुने उसवायला बसवलं.

दोन महिने मी तेच केलं. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सकाळी जायचो, संध्याकाळी यायचो. उसवलेले दोरे पँटीला चिकटून खोलीवर यायचे, ते मी झटकत नव्हतो. एकदा दुकानात बेदाण्याचं पाकीट दिसलं. प्लास्टिकमधून रंग बघूनच कळलं, बेदाणा पिवळा राहावा म्हणून देतात ती गंधकाची धुरी कमी पडलीय. वडील असते तर हसले असते. मी पाकीट जागेवर ठेवून पाव घेतला.

चाचांचा फोन रविवारी यायचा, त्यांच्या नातीच्या मोबाइलवरून. व्हिडिओ कॉल असला तरी ते फोन कानालाच लावायचे, त्यामुळे मला अख्ख्या स्क्रीनवर त्यांचा कान दिसायचा. ऐकूही कमी येतं, म्हणून ओरडून बोलावं लागायचं.

"कापतोस का न्हाई?"

"कापतो, चाचा."

"आं?"

"कापतो!"

हे खोटं मी दर रविवारी ओरडून सांगत होतो.

मग कटिंग करणारी एक मुलगी काम सोडून गेली आणि बाईंनी मला पुन्हा टेबलावर घेतलं. सुरुवातीला प्रत्येक तुकड्याला पट्टी लावून बघायच्या. शिवणीच्या पलीकडं एक सेंटिमीटर, पुन्हा एक सेंटिमीटर. काही आठवड्यांनी त्यांनी पट्टी लावणं बंद केलं. ते कधी बंद झालं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पाचव्या महिन्यात एका रविवारी चाचा म्हणाले, "हात हलायला लागलाय रं. शिवायला बसतो, पर कापायला जमत न्हाई. मोबाइलच्या कव्हरवाला कटिंगच्या टेबलाची जागा मागतोय. मी म्हटलं थांब, आमचं पोरगं येतंय. येतोयस न्हवं?"

मी फोन दुसऱ्या हातात घेतला. स्क्रीनवर कान तसाच होता.

मग ते म्हणाले, "असं कर. माझ्या मापाचा एक शर्ट कापून, शिवून पाठीव. तुझ्या हातचा. मग काय ते सांग. तवर त्याला थांबवतो."

त्याच आठवड्यात लेबलनं मला वर्षभर नोकरीवर ठेवतो म्हणून सांगितलं. मी विचार करून सांगतो म्हणालो. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "चांगली बातमी आहे ही," त्या म्हणाल्या. "तोंड असं केलंयस, जसं कुणी गेल्याचं कळलंय."

शर्टाला उरलेलं पांढरं सुती कापड घेतलं. जेवणाच्या सुट्टीत आठ दिवस शिवला. चाचांचं माप मला पाठ आहे. छाती चाळीस, कॉलर साडेपंधरा, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. सगळं मनापासून केलं. शेवटच्या दिवशी इस्त्री केली आणि घडी घालायच्या आधी सवयीनं शर्ट उलटा केला.

आत सगळीकडे एक सेंटिमीटर होता.

पॅटर्न माझाच होता. पाहिजे तेवढं सोडता आलं असतं. कापडही भरपूर होतं, उरलेलं मीच चिंध्यांच्या पेटीत टाकलं होतं. मी कात्री चालवताना एकदाही थांबलो नव्हतो. दुसरा शर्ट शिवावा असं मनात आलं, दीड इंच सोडून. पण चाचांनी माझ्या हातचा मागितला होता, आणि माझ्या हातचा हाच होता.

तोच पाठवला. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून सोबत पत्र ठेवलं.

"चाचा, सलाम.

शर्ट पाठवतोय. तुम्ही आधी उलटा करणार, म्हणून आधीच सांगतो, आत कापड नाही. नखाएवढं आहे. विसरलो म्हणून नाही आणि मुद्दामही नाही. हात तसाच चालला. शर्ट मागवून तुम्हाला जे बघायचं होतं ते हेच असेल.

इथं वर्षभर ठेवतो म्हणतात. मी उद्या हो म्हणणार आहे. वर्षानं नक्की येतो असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. नाहीतर तुम्ही तेवढ्यावर जागा अडवून बसाल. टेबल कव्हरवाल्याला देऊन टाका. खालच्या फळीवर माझी जुनी कात्री आहे, ती मात्र कुणाला देऊ नका.

एक खोटं बोललो आहे. दोन महिने मी कापत नव्हतो, बटणं निवडत होतो. तुमच्या पद्धतीनं एक कोट कापला होता, तो वाया गेला. चूक तुमची नव्हती. इथल्या कपड्यांना पुढं वाढायचं नसतं, हे मला कळलं नव्हतं.

मला इथं आनंद होत नाही आणि वाईटही वाटत नाही. हे घरी सांगू नका. तुम्ही साताऱ्याला भिंतीपाशी बसला होता ते मात्र रोज आठवतं. ते आठवलं की कामाला जातो.

माप गेल्या दिवाळीचं आहे. घट्ट झाला तर उसवायला बसू नका, आत काही मिळणार नाही. तसाच ठेवा आणि नातीला नवं माप घ्यायला सांगा. दुसरा शिवीन. त्यात दीड इंच सोडीन, हात थांबवून सोडीन.

रविवारी फोन कानाला लावू नका. समोर धरा. शर्ट घालून बसा, मला बघायचंय."