डुक्कर-कुत्रा मैत्रीण

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात राहणाऱ्या मालिनीला मधुमेह आहे. नऊ वर्षे मी दर सोमवारी तिला मटकीची उसळ नेते आणि तिच्या साखरेचा आकडा माझ्या डायरीत लिहिते. यंदा तिच्या शेजारी हाँगकाँगच्या लाऊबाई राहायला आल्या. त्या तिला रोज कस्टर्डचे टार्ट खाऊ घालतात.

आज मालिनी त्यांचा हात धरून म्हणाली, "अगं, कँटोनीजमध्ये वाईट सवयींना साथ देणाऱ्यांना डुक्कर-कुत्रा मित्र म्हणतात. ही माझी डुक्कर-कुत्रा."

माझा हात तिने कधी असा धरला नव्हता.

"आणि मी कोण?" मी विचारले.

"तू होय? तू माझी डॉक्टरीण."

घरी आल्यावर आजचा आकडा लिहिला नाही. लाडवांसाठी बेसन भाजायला घेतले.