चौतीसची कंबर

बाबांच्या लग्नातल्या पँटची कंबर चौतीस होती, आणि आज पंचाहत्तरीतही चौतीसच आहे. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना हे चहाच्या आधी कळतं. मधल्या काळात झालं एवढंच, की पोट जसं पुढे येत गेलं तशी पँट मुकाट्याने खाली सरकत गेली. हातपाय काड्या, मधे माठ. आईचं उलट, कमरेखाली ऐसपैस. त्यामुळे "तूप कमी घे" हे ऐकायचं काम तिच्याकडे.

सीवूड्सला आमच्या सोसायटीच्या हॉलमधे ज्येष्ठांची तपासणी होती. टेबल टेनिसच्या टेबलावर चादर टाकून रुग्णांची सोय केलेली. तरुण डॉक्टरबाईंनी बाबांच्या मानेला स्टेथोस्कोप लावला आणि जरा जास्तच वेळ तिथे ठेवला. मानेच्या रक्तवाहिनीत आवाज येतोय म्हणाल्या, आत चरबी साठली असेल, सोनोग्राफी करून घ्या, मशीन इथेच आहे. आईचा चेहरा उतरला. बाबा म्हणाले, चरबी जाड माणसांना असते, माझी कंबर चौतीस आहे. आणि घरी जाऊन पुरावा म्हणून तीन पँटी घेऊन आले.

डॉक्टरबाईंनी खरोखरच पँटी मोजल्या. चौतीस. मग बेंबीवरून बाबांना मोजलं. एक्केचाळीस. मांड्यांवरच्या चरबीपेक्षा पोटातली चरबी रक्तवाहिन्यांना जास्त जाचते, असं त्यांनी समजावलं. बाबांचं म्हणणं, टेप खराब आहे. आईने शिवणाच्या डब्यातला आणला, तरी एक्केचाळीस. वॉचमनने लोखंडी आणला, तो नुसताच टोचला. मग मी मुलगा या नात्याने समजूत घालायला गेलो. बाबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मलाच मोजायला लावलं. त्रेचाळीस भरली.

"आधी याची मान बघा," बाबा म्हणाले. "मग माझी."

मी टेबलावर आडवा झालो. मानेला गार जेली लागली. बाबा चष्मा लावून स्क्रीनपाशी उभे, मॅच बघितल्यासारखे, आणि नीट दाबून बघा म्हणून सांगत होते. माझ्यात काही सापडलं नाही. बाबांची निराशा झाली, पण शब्द दिला होता. ते टेबलावर आडवे झाले.

डॉक्टरबाई थांबल्या. "आजोबा, श्वास का रोखलाय? पोट सोडा. मला मान बघायचीये."

"माप लिहून घेणार नाही ना?"

"नाही."

बाबांनी पोट सोडलं. त्याला बराच वेळ लागला. मघाचे एक्केचाळीस कसे आले होते ते तेव्हा सगळ्यांना समजलं, पण टेप कुणीच उचलला नाही.

थोडी चरबी साठली होती, पण वाट मोकळी होती. गोळी सुरू करायची आणि रोज चालायचं, एवढ्यावर भागलं. आईने रिपोर्टचा कागद तीनदा वाचला. बाबा उठून बसता बसता सवयीने पुन्हा पोट आत ओढायला लागले, तर तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या हो आता," ती म्हणाली. "मला काय माहीत नव्हतं होय?"