जपानी साहेबांची कुस्ती

माणूस भेटला की आपण तोंडाकडे बघतो. आमचे जपानी साहेब मानेकडे बघायचे. बघून झालं की विचारायचे, "मान ठीक?" त्यांना येणारं मराठी एवढंच, तेही मीच शिकवलेलं.

नव्वदनंतरची गोष्ट. आमच्या साखर कारखान्यात टर्बाईन बसवायला ते दोन महिने आले होते. मी स्टोअरचा कारकून. मोडकं इंग्रजी येतं या एकाच गुणावर त्यांच्या दिमतीला लागलो. तालमीत जाणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने त्यांचे चुरगळलेले कान बघितले मात्र, लगेच म्हणाला, "दादा, ह्यो गडी पैलवान हाय."

होतेच. शाळेपासून मॅटवर, पुढे देशाच्या संघात, परदेशात दोन पदकं. मग एके सकाळी सराव करताना त्यांनी जिवलग मित्राला मागून उचलून फेकलं. शंभरदा मारलेला डाव. मित्र मानेवर पडला तो पुन्हा उठलाच नाही. हातपाय कायमचे लुळे पडले. त्याच आठवड्यात साहेबांनी कुस्ती सोडली. हे सांगताना ते स्वतःच्या हातांकडे असे बघत होते की मलाही त्या हातांची भीती वाटली.

तरी मी शहाणा त्यांना राहात्याकडच्या एका जत्रेत कुस्त्या बघायला घेऊन गेलो.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पैलवान आखाड्यात हात पुढे करत फिरतो. ज्याने हात दिला त्याच्याशी कुस्ती ठरली. त्या दिवशी फिरत होता माझाच भाऊ. साहेबांसमोर येऊन त्याने मुद्दाम हात पुढे केला. साहेबांनी सभ्यपणे दोन्ही हातांनी तो धरला आणि हलगी कडाडली.

मी पंचांकडे धावलो. "अहो, पाहुण्यांना माहीत नाही!"

"हात दिला न्हवं? मग झालं."

साहेब "नो, नो" म्हणत होते. लोकांना तो विनय वाटला. त्यांनी साहेबांना आत ढकललं. भाऊ पायाला झोंबला आणि साहेबांचं अंग मनाला न विचारताच वळलं. पुढच्या क्षणी ते भावाच्या मागे होते, कमरेला मिठी, भावाचे पाय वर, डोकं खाली. आईला काय सांगू, एवढंच डोक्यात.

साहेब तसेच थांबले. मग हळूहळू गुडघ्यावर बसत त्यांनी भावाला भरलेल्या हंड्यासारखं मातीत ठेवलं.

"मान ठीक?"

"ठीक हाय हो! टाका की!" भाऊ ओरडला. लोक हसले. मला हसू येईना. साहेब आखाडा सोडून गेले, म्हणून पंचांनी भावाचा हात वर केला.

बक्षिसाचा फेटा काखेत मारून भाऊ जीपपाशी आला तो भांडायलाच. "ही काय कुस्ती व्हय? माजी चेष्टा लावली काय तुमी?"

साहेबांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा पँटवर सांडत होता. भाऊ जवळ सरकला. त्याने ग्लास घेतला, फुंकर मारली आणि त्यांच्या ओठांना लावला. साहेब लहान मुलासारखे प्यायले.

महिन्याने टर्बाईन सुरू झाली, साहेब जपानला परत गेले. मित्राची हकीकत मी भावाला त्यानंतर सांगितली. तो माती उकरत बसला.

"दादा, त्या दोस्ताला च्या कोन पाजत आसंल?"

हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं, आणि आता विचारायला साहेब नव्हते.