माह्या नावावरचं बैलाचं रक्त

आर्णीच्या खाल्ल्या अंगाले आमचा तांडा. तिथं पंधरा दिवसाले एक मलेरियावाला सायकलवर येत जाय. दारात उभा राहून इचारे, "ताप आहे का कोनाले?" असला तं बोटाले सुई टोचून थेंबभर रक्त काचेवर घेये अन् कडू गोळ्या खायले लावे. काच यवतमाळले जाय. तिथं दुर्बिनीतून पाहून रोग सांगत, अन् औषध फुकट.

त्या साली आखाड सरता सरता ताप आला आमच्या बैलाले. एक दिवस अंग गरम, दोन दिवस बरा, पुन्हा गरम. हाडं वर आली. पिकातलं तन काढाची डवरनी अर्धी राह्यलेली, अन् एका बैलानं डवरा चालत नाही. गुरांचा दवाखाना दारव्ह्याले, अन् बैल तं गोठ्यातून हालत नव्हता. आमचे आजे-पंजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख हिंडले, गुराचं दुखनं नुसतं पाहून वळखत. त्यांच्या घरात मी निपजलो. मले वाटलं, हा मलेरियाच होय.

मलेरियावाला आला तसा मी गोठ्यात गेलो, बाभळीच्या काट्यानं बैलाचा कान टोचला, रक्त बोटावर घेतलं अन् धावत आलो.

"मलेच ताप आहे जी. वरून काटा रुतला. हेच घ्या."

"बरं झालं, माही सुई वाचली," तो म्हने. काचेवर माहं नाव टाकलं. चार गोळ्या त्याच्यासमोर गिळा लागल्या. ताप बैलाले, तोंड कडू माहं.

आठ दिवसांनी तांड्यात जीप आली. यवतमाळचा डॉक्टर, मलेरियावाला अन् एक गोरा डॉक्टर. हा गोरा आता मलेरियाच्या कामावर यवतमाळले, पन आधी आफ्रिकेत होता. तिथं एक माशी चावून ढोरंबी मरत अन् मानसंबी. मानसं झोपून झोपून मरत. लई देशांचे डॉक्टर मिळून त्या माशीच्या मागं लागले होते. तिथल्यासारखाच जंतू त्याले माह्या नावाच्या काचेवर दिसला. आपल्या डॉक्टरनं हे सांगतलं तवा त्याचं तोंड उतरलं होतं.

गोऱ्यानं माही मान चाचपली, काहीतरी बोलला. आपल्या डॉक्टरनं इचारलं, "दिवसा झोप येते का?"

याडी, म्हंजे माही माय, आधीच बोलली, "येते का? याले उठवा लागते जी. जलमापासून."

गोऱ्यानं लिहून घेतलं.

"कामात लक्ष लागते का?"

बायको पदर तोंडाले लावून म्हने, "कधी लागलं?"

तेबी लिहिलं.

ठरलं, मले नागपूरले न्यायचं. तवाच बोलाले पाह्यजे होतं. पन सरकारले खोटं रक्त देल्लं म्हनून बेड्या पडतीन हे भेव, अन् जीपमधी बसाची हौस त्याहून मोठी. बसलो. पुढच्या सीटवर. तांड्याकडं पाहून हातबी हालवला.

तेवढ्यात गोठ्यातून बायको वरडली, "बैल बसला वो! मान टाकली त्यानं!"

मी खाली उडी मारली. "साहेब, रक्त माहं नोहे. त्याचं होय."

आपल्या डॉक्टरनं इंग्रजीत सांगतलं. मले वाटलं, गेलो आता. पन गोरा इतका हासला का चष्मा काढून डोळे पुसले. मंग गोठ्यात शेनात गुडघे टेकून बसला, बैलाचा कान पाह्यला. काट्याची खून तिथंच होती.

"जंतू तसाच दिसते, पन हा रोग गोमाशी चावून गुरांले होते," आपला डॉक्टर म्हने. "मानसाचा रोग नोहे. औषध विलायतेहून येते, नागपूरले असन. येईपर्यंत याले जित्ता ठेव."

गोऱ्यानं चिठ्ठी लिहून देल्ली. दोन दिवस, दोन रात्री मी बैलापाशी बसून होतो, गुळाचं पानी पाजत, माशा हाकलत. याडी म्हने, "त्या गोऱ्याले कळवा, याची झोप गेली. बरा झाला."

तिसऱ्या दिवशी दारव्ह्याचा गुरांचा डॉक्टर औषध घेऊन आला, सुई देल्ली. डवरनी सोयऱ्याच्या बैलावर झाली. पन पोळ्याले आमचा बैल आपल्या पायानं तोरनाखाली उभा होता.

मलेरियावाला पुढच्या फेरीले आला. "ताप आहे का कोनाले?" म्हने, अन् माह्याकडं न पाहता आधी गोठ्यात डोकावला. बैल कडबा खात होता. मंग माहं बोट धुवाले लावलं, धरलं, अन् सोताच्या हातानं टोचलं.